दोन दिवसांचं पाणी

दत्तू,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला कोणी आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. खोटं ऐकायला तुला कधी आवडलं नाही आणि गोड बोलायला मला कधी जमलं नाही, तेव्हा या बाबतीत तरी आपली कुरबूर व्हायची नाही. छावणीतून एक शिपाई आला, तुझ्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, सलाम ठोकला आणि वळून गेला. वाडीतलं एक माणूस स्मशानात फिरकलं नाही. अग्नी चुलतभावाने दिला. त्यालाही लासलगावची गाडी गाठायची होती, म्हणून तो चितेपेक्षा रस्त्याकडेच जास्त बघत होता. तुला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना तेव्हा मी टांगेवाल्याला विनवलं. तो लगेच तयार झाला. तुला ओळखत नव्हता ना.

तुझ्या अस्थी मी रामकुंडात सोडल्या. हसू नकोस. तिथे हाडांचं पाणी होतं असं सगळं नाशिक मानतं, आणि ते खरं की खोटं बघायला तू पंधरा वर्षांचा असताना खाटकाकडून बकऱ्याचं हाड आणून, सुतळीला बांधून, पायरीवर बसला होतास. उपाध्यांनी तुला बाजारापर्यंत पिटाळलं. घरी आलास तो कान लाल करून, आणि रडायचं सोडून माझ्याशी वाद घालायला लागलास, "अक्का, कुंडाखालचा दगड बघायला पाहिजे. सगळी करामत दगडाची असते." मी म्हटलं, आधी आंघोळ कर मेल्या. परवा तुझी हाडं पाण्याखाली गेली तेव्हा मला नेमकं तेच आठवलं आणि हसू फुटलं. मी तोंडाला पदर लावला. बघणाऱ्यांना वाटलं, बहीण रडतेय.

रडले नाही. तुझ्यासाठी रडायचं मी सहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं, आणि एवढ्यात ते परत यायचं नाही.

तरी तुला वाढवला मीच. आई गेली तेव्हा तू दूध सुटलेला आणि मी आठ वर्षांची. तू मातीच खायचास. सगळीच पोरं खातात, पण तुला ओसरीची आवडायची नाही, परसातली आवडायची, आणि त्यातही खणलेल्या खड्ड्यातली. वडील म्हणायचे, हा पोरगा गवंडी होणार नाहीतर गांडूळ. पुढे तू नकाशे काढायला शिकलास आणि मागल्या लढाईत सुरुंगवाल्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेलास. मी तोवर लग्न होऊन, विधवा होऊन, फायनल पास होऊन मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. वाडी माझ्या सासरची. नवरा गेला तरी मी ती सोडली नाही. दोन खोल्या आणि समोर विहीर, मला दुसरं काय हवं होतं?

बसऱ्याहून तू परत आलास तो बंदुकीच्या गोष्टी घेऊन नाही, दगडांच्या. तुमच्या पलटणीत एक म्हातारा साहेब होता, विलायतेतला प्रोफेसर. अंगावर कप्तानाचा डगला आणि कमरेला तलवारीऐवजी हातोडी. शिपाई त्याला मागून हसायचे. तू सांगायचास, "अक्का, लोकांना वाटतं लढाई जमिनीवर होते. ती जमिनीत होते. कुठे खंदक टिकेल, कुठे पाणी भरेल, तोफेच्या वजनाने कुठची वाट खचेल, हे आधी दगडवाला सांगतो. मग जनरल सांगतो की माणसं कुठे मरायची." त्या साहेबाने तुला फ्रान्सातली गोष्ट सांगितली होती. तिथे दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या पायाखाली भुयारं खणायची शर्यत लागली होती. वरची माती पिवळी, खाली खोल गेलं की निळी. निळी माती उघड्यावर टाकली की शत्रूच्या विमानाला वरूनच कळायचं, हे किती खोल गेलेत. म्हणून ती पोत्यांत भरून, वर पिवळी पसरून लपवायचे. "मातीचा रंग बघ म्हणजे खोली कळते," हे तू मला शंभरदा ऐकवलंस. मी ते शाळेत मुलींनाही शिकवलं. काय अक्कल माझी.

रामशेजच्या किल्ल्यावर मला घेऊन गेला होतास ते आठवतं? मी धापा टाकत होते आणि तू प्रत्येक टाक्यापाशी थांबून व्याख्यान झोडत होतास. दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो, आपण गेरू म्हणतो तीच माती. पाणी वरून झिरपत येतं, त्या पट्ट्यावर अडतं. जुन्या लोकांनी टाकी बरोब्बर त्याच्या डोक्यावर खोदली. "पाथरवटाला पोथी वाचता येत नव्हती, पण थर वाचता येत होता. वेढा कितीही महिने बसू दे, किल्ला तहानेने पडायचा नाही." मी विचारलं, आणि वेढा घालणाऱ्याकडे असा पाथरवट असला तर? तू खूश झालास. म्हणालास, "मग तो खालून तांबड्याला भोक पाडेल. अक्का, तू पलटणीत पाहिजे होतीस." मला या कौतुकाचा आनंद झाला होता. तेही लिहून ठेवते.

एक गोष्ट मात्र तू फक्त एकदा सांगितलीस. वाळवंटात तुम्हाला गोडं पाणी सापडेना. साहेबाची हातोडी चालेना. तेव्हा एका झोपडीतल्या अरब म्हातारीपाशी तू गेलास आणि खुणेने पाणी मागितलं. तिला वाटलं, वाटसरू आहे, तहानलेला आहे. तिने तुला पाजलं, वर कौतुकाने आपला झरा दाखवला. दुसऱ्या दिवशी तिथे पहारा बसला. तिसऱ्या दिवशी म्हातारी घागर घेऊन आली तर शिपायाने तिला हुसकावलं. मी विचारलं, मग? तू म्हणालास, मग आम्ही पुढे गेलो. मी हसले होते, दत्तू. भावाची हुशारी वाटली होती मला. त्या म्हातारीचं तोंड डोळ्यांपुढे आणायला मला पुढे फार वर्षं लागली नाहीत.

भाऊबीजेला तुझी ओवाळणी म्हणजे वाडीला दरवर्षीचा तमाशा. बाकीच्यांचे भाऊ खण घालत, तू ताटात दगड घालायचास. पहिल्या वर्षी बसऱ्याचा पांढरा, नखाने ओरखडा उमटेल असा. मग विहिरी खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत सापडणारे, हिरवट, मोरपिशी, काचेसारखे. कासाबाई शेजारून डोकवायची आणि म्हणायची, "मामा, आवंदा काय आनलं बहिनीला, खडी का वाळू?" अख्खी वाडी तुला मामाच म्हणायची. तू तिलाही एकदा चकाकती गारगोटी दिली होतीस, ती तिने देवघरात ठेवली. आता नाही ती तिथे. तिने ती उकिरड्यावर फेकली, तेव्हा मी बघत होते.

आणि मग त्या साती आसरा. नाशिकाकडच्या वाड्यावस्त्यांत पाण्याशी शेंदूर फासलेले सात दगड असतात, त्यात नवल काही नाही. आमच्या वाडीत मात्र अशी पाच ठिकाणं. एक समोरच्या विहिरीपाशी, एक आंब्याखाली, बाकीची पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. चार ठिकाणी विहिरी आणि एका ठिकाणी नुसताच ओलसर खड्डा. त्या वर्षी छावणी वाढत होती. नवीन तोफा आल्या होत्या, घोडे आले होते, उन्हाळ्यात पाणी पुरेना. तू तोवर छावणीच्या पाण्याचा ओव्हरसियर झालेला. दिवाळीला आलास आणि मला म्हणालास, "अक्का, तुमच्या आसरा कुठे कुठे आहेत, दाखव बरं."

मी दाखवल्या. चप्पल घालून, उन्हात, मोठ्या हौसेने. कासाबाईने तर पाचवी जागा दाखवली, ती मलाही ठाऊक नव्हती. तिची सासू दर अमावस्येला तिथे नैवेद्य ठेवायची. तू प्रत्येक ठिकाणी वाकून नमस्कार केलास आणि खिशातल्या वहीत एक टिंब काढलंस. संध्याकाळी पाच टिंबं जोडलीस तर सरळ रेघ. तुझे डोळे असे चमकले की मला वाटलं, तुला देव दिसला. तू समजावलंस की या रेघेवर जमिनीत एक उभी भिंत आहे, काळ्याकुट्ट दगडाची, धरणासारखी. डोंगराचं पाणी येऊन तिच्यामागे साठतं. म्हणून वाडी ओली आणि भिंतीपलीकडची छावणी कोरडी. जुन्या बायांनी त्या भिंतीवरच आसरा बसवल्यात. आणि हेही सांगितलंस की त्या भिंतीला खालून चर मारला तर पाणी आपसूक छावणीच्या टाकीत जाईल.

मी विचारलं, आणि वाडीचं काय? तू जमिनीवर काडीने आकृती काढलीस. "वाडीखाली पण तांबडा पट्टा आहे. पाणी त्याच्यावर बसलंय. आम्ही भिंत वरच्या अंगाला फोडणार. तांबड्याच्या खूप वर थांबणार. निम्मं पाणी तुमचं, निम्मं छावणीचं. तांबड्याला हात लागला तर वाडी संपेल, पण तिथवर मी जाऊ देणार नाही." वाडीतल्या पाच पुरुषांपुढे तू हे बोललास. मामा बोलला म्हणून सगळे गप्प बसले.

पुढचं वाडीला पाठ आहे. चैत्र संपता संपता एका सकाळी सुरुंगाचे आवाज आले, भांडी थरथरली. दोन दिवस विहिरीला गढूळ पाणी येत राहिलं, घटत राहिलं. तिसऱ्या सकाळी तळ दिसला. पाचही ठिकाणी. कासाबाईची सासू तापाने फणफणली होती आणि पाणी पाणी करत होती. कासाबाई कमरेला दोर बांधून वाटी घेऊन विहिरीत उतरली, खाली साचलेलं वाटीवाटीने खरवडायला. सुरुंगांनी बाजूचे दगड सुटे झाले होते. एक निसटला. तिचा उजवा हात त्याखाली आला. दोघांनी तो दगड उचलला तेव्हा हाताची बोटं कुठली आणि वाटी कुठली, ते कळत नव्हतं. सासू चौथ्या दिवशी गेली. मरताना तिच्या तोंडात पाणी घालायचं ते छावणीतून आणलं.

कासाबाईचा हात चिरडला त्याच दुपारी तू आलास. कुणीतरी सांगितलं असणार. तिला बैलगाडीत घालून नाशिकला नेलं होतं, आणि वाडी माझ्या ओट्यापुढे उभी होती. भाऊ माझा होता ना. मी देवळीतला तुझा दगड उचलला, तो हिरवा, सगळ्यात सुंदर, आणि तुला फेकून मारला. कपाळ फुटलं. मी ओरडले, "सांगायचं तरी होतंस! एक शब्द तरी सांगायचास, माणसांनी भरून ठेवलं असतं!" तू कपाळ पुसलंही नाहीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. माझ्या खांद्यावरून घरात, आतल्या खोलीच्या अंधाराकडे बघत राहिलास. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "चुकलं. मी कोणालाच सांगितलं नाही."

सहा भाऊबीजा तू आलास. मी दाराला आतून कडी लावून बसायची. तू ओट्यावर दगड ठेवायचास, थोडा वेळ उभा राहायचास आणि जायचास. जाताना रस्त्यावर कोणी ना कोणी थुंकायचं. तू गेलास की मी तो दगड उचलून कोरड्या विहिरीत टाकायची, सगळ्यांदेखत, जोरात, म्हणजे वाजला पाहिजे. बायका म्हणायच्या, मास्तरीणबाई सरळ आहे, न्यायाची आहे. माझा मान वाढला, दत्तू. छावणीच्या कुंपणाबाहेर वाडीसाठी एक तोटी बसवलीय, सकाळी तासभर आमचंच पाणी आम्हाला मिळतं. तिथल्या रांगेत बायका मला पुढे सोडायच्या.

गेल्या भाऊबीजेचा दगड मात्र मी टाकला नाही. तो दगड नव्हताच, गेरूचा खडा होता. माझ्या हाताला लाल लागलं. तू तो कबुली म्हणून ठेवला होतास की मला आठवण म्हणून? तुला विचारायला दार उघडलं असतं तर विचारता आलं असतं. तू अजून पारापर्यंतच गेला होतास. खोकताना ऐकू येत होतास.

आता खरं सांगते. तुला ठाऊकच आहे, पण मला ते एकदा पूर्ण लिहायचंय.

सुरुंगाच्या आदल्या संध्याकाळी तू माझ्याकडे आला होतास. चहासुद्धा घेतला नाहीस. उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, "अक्का, दोन दिवसांचं पाणी भरून ठेव. कुणाला बोलू नकोस. गढूळ येईल थोडं." एवढंच. पण मी खाली बघितलं. तुझे बूट लाल होते, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्यांपर्यंत लाल. गेरूने. तू तांबड्याला हात लावला होतास. छावणीच्या साहेबाने खोल जायला सांगितलं असेल आणि तू गेला असशील. मी बूट बघतेय हे तू बघितलंस. मातीचा रंग बघ म्हणजे खोली कळते. तू वळलास आणि गेलास.

मी नाशिकच्या तांबटाकडचे ते दोन मोठे हंडे काढले आणि भरले. आतल्या खोलीत ठेवले, वर गोधडी घातली.

त्या दिवसांत लोक मिठासाठी तुरुंगात जात होते. मी एक हाक मारली असती तर वाडी भिंतीवर जाऊन बसली असती, बायाबापड्या, पोरं, सगळी. साहेबाने माणसांखाली सुरुंग उडवला नसता. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की भावाची नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले. तेही असेल. पण त्या संध्याकाळी माझ्या मनात आलं ते हे नव्हतं. मनात आलं की आत्ता बोलले तर विहिरीवर झुंबड उडेल आणि माझे हंडे भरायचे राहतील. बस, एवढंच आलं मनात.

तिसऱ्या सकाळी कासाबाई माझ्या दारात आली होती. विहिरीत उतरायच्या आधी. हातात रिकामा तांब्या. "मास्तरीणबाई, घरात पानी हाय का थोडं? सासू लय तगमग करतीय." हंडे तिच्यापासून दहा पावलांवर होते, एकाला तर मी हातही लावला नव्हता. मी म्हटलं, "थेंब नाही गं." दिलं असतं तर तिने विचारलं असतं की कुठून आलं. ती वळली, तांब्या ओट्यावरच ठेवला आणि घरून वाटी आणि दोर घेऊन आली.

तू ओट्यावरून आत बघितलंस ते त्याच खोलीत. गोधडी एका बाजूने सरकली होती आणि तांबं चमकत होतं. तू बघितलंस, आणि मी तुला "सांगायचं तरी होतंस" म्हणून ओरडत असताना तू माझ्यासाठी खोटं बोललास. उभ्या आयुष्यात तू बोललेलं तेवढं एकच खोटं मला माहीत आहे. हाड सुतळीला बांधून देवाची परीक्षा घेणारा तू. सहा वर्षं थुंकी अंगावर घेतलीस आणि एकदाही दारावर थाप मारून म्हणाला नाहीस की अक्का, हंड्यांचं काय? मी कडी लावून आत बसायची ना, ती तुझ्या रागाने नाही. तू हे म्हणशील या भीतीने. तू म्हणाला नाहीस. तुझे उपकार कसे फेडावेत ते कळत नाही, आणि त्यांचा मला राग येतो, हेही तितकंच खरं. तू म्हणाला असतास तर आपण दोघं सारखे झालो असतो. मला तू तेवढंही दिलं नाहीस.

वाडीचं पाणी तू घालवलंस, त्यातून मी तुला सोडत नाही. त्या अरब म्हातारीचा झरा पलटणीला दाखवून तू पुढे गेलास, आणि इथे आल्यावर तुला पुढे जायला जागा उरली नाही. ते तुझं तुझ्यापाशी. पण कासाबाईचा हात तुझ्या नावावर नको होता.

काल संध्याकाळी कासाबाई आली. दुःखाच्या घरी शेजारणी भाकरी आणून देतात, हे वाडीला दहा दिवस आठवलं नव्हतं. तिला आठवलं. डाव्या हातात ताटली, उजवा पदराखाली, नेहमीसारखा. ताटली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

म्हणाली, "गेल्या मानसाला नावं ठेवू नये म्हन्तात. पन मी ठेवनार, बाई. तुमचा भाऊ असला तरी ठेवनार. माझा हात खाल्ला त्यानं, सासू खाल्ली. सडून सडून मेला असता तरी मला कमीच वाटलं असतं."

माझी मान डोलली. सहा वर्षांची सवय. डोलली आणि मला ती डोललेली जाणवली, आणि तुझं कपाळ डोळ्यांपुढे आलं, आणि मी म्हटलं, "कासाबाई, त्याने मला सांगितलं होतं."

"काय?"

"आदल्या संध्याकाळी. भिंत खोल फोडणार हे मला कळलं होतं. पाणी भरून ठेव म्हणाला, मी भरलं. तू तांब्या घेऊन आलीस तेव्हा हंडे आत होते. गोधडीखाली."

बाहेर कोणीतरी शेळ्या हाकत चाललं होतं. तिने विचारलं, "किती व्हते?"

"काय किती?"

"हंडे."

"दोन."

"भरलेले?"

"एक काठोकाठ होता."

तिने पदराखालून हात बाहेर काढला. मी तो उघडा कधी बघितला नव्हता. तिने कोणाला दाखवायचा नाही असं ठरवलेलं होतं. तिने तो मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली, "मला तांब्याभर लागत व्हतं."

मग उठली. मी ताटली तिच्यापुढे सरकवली, मला ती ठेवून घ्यायला धीर होईना. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. दिलेलं परत नेत नाय कुनी. खावा." उंबऱ्यापाशी गेल्यावर थांबली. वळली नाही. "पानी तेवढं माझ्या दारी मागू नका."

भाकरी मी खाल्ली, दत्तू. बाजरीची होती, गार झालेली, कडक. दुसऱ्याच घासाला घशात अडकली. कोपऱ्यात हंडा होता, सकाळीच तोटीवरून भरून आणलेला, त्यावर झाकणही नव्हतं. मी उठले नाही. तशीच गिळली.